राणीछाप रुपया आणि कठडा नसलेला घाट

आई-बाबा सांगलीहून सहा महिन्यांसाठी डेन्व्हरला यायचे ठरले, तेव्हाच मनाशी पक्कं केलं होतं की सप्टेंबरच्या शेवटच्या आठवड्यात त्यांना सान हुआनच्या डोंगरात न्यायचं. अमेरिकेतल्या कोलोरॅडो राज्याच्या नैऋत्य कोपऱ्यातले हे डोंगर. दुरँगोहून निघून सिल्व्हर्टन, युरे, टेल्युराइड, कॉर्टेझ करत पुन्हा दुरँगोला आणून सोडणारा २३६ मैलांचा रस्ता त्यांना वळसा घालतो. सान हुआन स्कायवे म्हणतात त्याला. दीडशे वर्षांपूर्वी सोन्या-चांदीच्या मागे लागलेल्या माणसांनी खोदलेल्या वाटा जोडत जोडत तो तयार झाला. सप्टेंबरअखेरीला तिथली अ‍ॅस्पेनची झाडं पिवळीधमक होतात, म्हणून तो आठवडा.

आखणीला मी मार्चमध्येच बसले. त्या आठवड्यात तिथल्या छोट्या गावांत ऐन वेळी खोली मिळत नाही, म्हणून आधी राहण्याची सोय केली. खरी चिंता उंचीची होती. बाबा ७३ वर्षांचे, रक्तदाबाची गोळी चालू. आमचं डेन्व्हरचं घरच जवळजवळ कळसूबाईच्या उंचीवर आहे, आणि या रस्त्यावरच्या खिंडी त्याच्या दुपटीवर. डॉक्टरांना विचारलं. ते म्हणाले, डेन्व्हरला चार महिने राहिलेत ते बरंच झालं. दिवसा वर गेलात तरी झोपायला खाली या, पाणी पीत राहा, डोकं दुखायला लागलं तर हट्ट करू नका. म्हणून सिल्व्हर्टनला (९,३१८ फूट) मुक्काम ठेवलाच नाही. दुरँगो साडेसहा हजार, युरे पावणेआठ हजार, टेल्युराइड पावणेनऊ हजार अशा चढत्या क्रमानं रात्री लावल्या.

दुसरा प्रश्न, फेरा कुठल्या बाजूनं घालायचा? इथे गाडी रस्त्याच्या उजव्या अंगानं चालते. युरेकडून सिल्व्हर्टनकडे निघालं तर आपली गाडी दरीच्या कडेला येते, आणि त्या टप्प्यात कठडा नाही. सिल्व्हर्टनकडून युरेला गेलं तर आपण डोंगराला चिकटून असतो. आईला घाटात खिडकीबाहेर बघवत नाही, आंबा घाटातसुद्धा ती डोळे मिटून बसते. तेव्हा दुरँगोहून आधी उत्तरेला सिल्व्हर्टन, मग युरे, आणि पश्चिमेकडून परत, असं ठरलं. वडीलधाऱ्यांना घेऊन जाणाऱ्या प्रत्येकाला मी हीच दिशा सांगेन.

सोन्याच्या खाणींचा प्रदेश म्हणून मी वाचायला घेतलं होतं. वाचता वाचता सोन्याकडून चांदीकडे गेले आणि चांदीवरून थेट मुंबई-कलकत्त्याच्या टाकसाळींपाशी पोचले. ते मी बाबांना मुद्दाम आधी सांगितलं नाही. जिथे सांगायला हवं तिथेच सांगायचं होतं.

दिवस पहिला : डेन्व्हर ते दुरँगो

सकाळी सहाला निघालो. तिखटमिठाच्या पुऱ्या, दशम्या, सांगलीचं भडंग, दोन थर्मास चहा, शिवाय माणशी तीन लिटर पाणी. नवरा गाडी चालवत होता, बाबा पुढे, मी, आई आणि आमचा नऊ वर्षांचा लेक मागे. साडेतीनशे मैलांच्या आसपासचं अंतर. थांबत थांबत गेलो, त्यामुळे नऊ तास लागले.

केनोशा खिंड ओलांडली की साउथ पार्क नावाचं प्रचंड पठार समोर पसरतं. तिथल्या फेअरप्ले गावाशी नदीकाठी दगडगोट्यांचे लांबच लांब ढीग दिसतात. सोन्यासाठी नदीचा तळ उपसून चाळून टाकलेले. १८५९ पासून इथे सोनं शोधलं जात होतं. बाबा म्हणाले, "कृष्णेतली वाळू उपसतात तसंच की." वुल्फ क्रीकची खिंड (१०,८५७ फूट) म्हणजे त्यांची पहिली मोठी उंची. पाच मिनिटं उतरले, चार पावलं चालले, ठीक होते. संध्याकाळी दुरँगोला पोचून मेतकूट-भात खाल्ला आणि सगळे लवकर झोपलो.

दिवस दुसरा : दुरँगो, सिल्व्हर्टन, युरे

दुरँगो हे गावच मुळी १८८० साली रेल्वेनं वसवलं. खाणी वर सिल्व्हर्टनला, आणि धातू गाळायच्या भट्ट्या इथे खाली. मधल्या ४५ मैलांत अ‍ॅनिमास नदीची अरुंद दरी. १८८२ च्या जुलैत तिथून तीन फुटी रुळांची गाडी वर पोचली. ती वाफेची गाडी आजही धावते, पण जायलाच साडेतीन तास घेते. आम्हाला रस्ता बघायचा होता म्हणून तिकिटं काढली नाहीत, फक्त ती सिल्व्हर्टनमध्ये शिरते तेव्हा तिथे असायचं असं वेळापत्रक बसवलं.

सकाळी सातला निघालो. कोल बँक आणि मोलास या दोन खिंडी तासाभरात ओलांडल्या. मोलासला १०,९१० फूट. खाली तळी, चहूकडे काळेकभिन्न सुळके, उतारांवर अ‍ॅस्पेनचे पिवळे पट्टे. अ‍ॅस्पेनची पानं वाऱ्यावर पिंपळासारखी सळसळतात. आई ते ऐकत उभी राहिली आणि पहिल्यांदा स्वतःहून दरीकडे तोंड करून बघायला लागली.

सिल्व्हर्टनच्या पुढे पाचेक मैलांवर ओल्ड हंड्रेड नावाची सोन्याची खाण आहे. बंद पडलेली, आता लोकांना आत नेऊन दाखवतात. हेल्मेट आणि रेनकोट चढवून छोट्या विजेच्या गाडीत बसायचं आणि गॅलिना डोंगराच्या पोटात मैलाचा एक तृतीयांश आत जायचं. आत बारमाही आठ-नऊ अंश गारवा, वरून सतत टिपकणारं पाणी. दाखवणारा माणूस स्वतः खाणीत काम केलेला. त्यानं आधी मेणबत्ती लावून दाखवली, एवढ्याच उजेडात दोघं दोघं मिळून पहारीवर घण घालायचे म्हणून. मग हवेच्या दाबावरचं ड्रिल चालू केलं आणि आमच्या छातीत धडधडायला लागलं.

या ड्रिलबद्दल थोडं सांगायलाच हवं. घणाच्या जागी हे यंत्र आलं तेव्हा काम कितीतरी पट वेगानं व्हायला लागलं, पण सुरुवातीची ड्रिलं कोरडी होती. गारगोटीची बारीक धूळ थेट फुप्फुसात जायची आणि काही वर्षांत माणूस धाप लागून मरायचा. खाणकामगारांनी त्या यंत्राला नाव ठेवलं होतं : विधवा करणारं. पुढे ड्रिलच्या पोकळ दांड्यातून पाणी सोडायची युक्ती निघाली तेव्हा धूळ बसायला लागली. आईचे एक काका राजस्थानात दगडखाणीवर मुकादम होते, ते असेच खोकून खोकून गेले. ती बाहेर येईपर्यंत एक शब्द बोलली नाही.

बाहेर मुलांसाठी पाण्याचे हौद ठेवलेत, त्यात तसराळ्यासारख्या थाळ्यांनी वाळू घोळून सोन्याचे कण शोधायचे. लेकानं अर्धा तास घालवून तीन ठिपके मिळवले आणि पाण्याच्या इवल्याशा कुपीत बंद केले. सोनं वाळूपेक्षा सात-आठ पट जड, म्हणून थाळी फिरवली की वाळू वाहून जाते आणि ते तळाशी राहतं. आजी त्याला म्हणाली, "तांदूळ रोळतात ना, तसंच आहे हे." आणि रोळून दाखवलं. तिच्या हाताला जी लय होती ती आमच्या कुणाच्या हाताला जमली नाही.

परत गावात आलो तेव्हा साडेबारा वाजत होते. शिट्टी ऐकू आली आणि धुराचा वास आधी आला, गाडी मागून. बाबांचा चेहरा बघण्यासारखा झाला. त्यांचं बालपण मिरजेत गेलं. "बार्शी लाइट!" ते म्हणाले. मिरज-पंढरपूर-कुर्डुवाडीची ती अडीच फुटी गाडी त्यांनी शाळेत असताना किती वेळा केली असेल. ती आता रुंद रुळांवर गेली. इथली अजून वाफेवर चालते हे बघून ते इंजिनाच्या शेजारी दहा मिनिटं नुसते उभे राहिले. ड्रायव्हरनं हात केला, यांनीही केला.

जेवताना त्यांनी दोनदा कपाळ दाबलं. विचारलं तर "काही नाही गं." बोटाला ऑक्सिमीटर लावला, आकडा ८७. पुढचा बेत अ‍ॅनिमास फोर्क्सचा होता. ११,२०० फुटांवरचं ओसाड गाव, १८७९ चं घर अजून उभं असलेलं. बाबांना ते फार बघायचं होतं. मी तिथल्या तिथे बेत मोडला. ते नाराज झाले, "एवढ्या लांब आलोय" म्हणाले. पण यावर मी वाद घातला नाही. अडचण अशी की सिल्व्हर्टन वाटीच्या तळाशी आहे. मोटारीनं खाली उतरायचं तर कुठल्याही बाजूनं आधी अकरा हजारांची खिंड चढावी लागते. म्हणून तासभर गाडीत टेकून बसवलं, पाणी पाजलं, डोकं उतरलं, आकडा ९१ झाला तेव्हा निघालो.

त्या तासात आई आणि मी गावावरच्या टेकडीवरच्या ख्रिस्ताच्या मूर्तीपाशी गेलो. संगमरवराची ही मूर्ती खाणकामगारांसाठी १९५९ साली उभारली. गावकरी तिच्याशी एक घटना जोडतात. डोंगरात उंचावर एमा नावाचं तळं होतं आणि त्याच्याखाली सनीसाइड खाणीची खोदाई चालू होती. ४ जून १९७८ ला तळ्याचा तळच फुटला आणि अख्खं तळं खाणीत शिरून खालच्या बोगद्यातून यंत्रं, लाकडं, चिखल घेऊन बाहेर आलं. त्या दिवशी रविवार होता. आत एकही माणूस नव्हता. आईनं हात जोडले. गावाच्या कब्रस्तानात जे आहेत ते इतके नशीबवान नव्हते : हिमकडे कोसळून गेलेले, न्यूमोनियानं गेलेले आणि १९१८ च्या फ्लूच्या साथीत गेलेले. त्या साथीत गावातला दर दहातला जवळजवळ एक माणूस मेला.

दोन वाजता रेड माउंटनच्या खिंडीकडे लागलो. ११,०१८ फूट, या फेऱ्यातली सगळ्यात उंच जागा. खिंडीपलीकडे डोंगर खरोखर लाल आहेत, गेरू फासल्यासारखे. पावणेतीन कोटी वर्षांपूर्वी इथे ज्वालामुखी फुटून खचले. पुढे त्या भेगांतून खालचं उकळतं, खनिजांनी भरलेलं पाणी वर येत राहिलं. सोनं, चांदी, शिसं, तांबं भेगांत साचलं. लोखंड गंजून डोंगर लाल झाले.

उजव्या हाताला उतारावर एक उंच, काळपट लाकडी सांगाडा एकटाच उभा दिसतो. यँकी गर्ल खाणीचा. १८८२ साली सापडलेली ही खाण चांदीनं इतकी श्रीमंत होती की आजूबाजूला बघता बघता गावं उठली. गाडी कडेला घेतली आणि मी बाबांना म्हटलं, "ही गावं ओस का पडली माहितीये? त्यात आपल्या रुपयाचा हात आहे."

आणि मग सांगितलं. तेव्हा आपला रुपया चांदीचा. कुणीही चांदी घेऊन मुंबईच्या किंवा कलकत्त्याच्या टाकसाळीत जावं आणि रुपये पाडून घ्यावेत अशी मोकळीक होती, त्यामुळे जगातली चांदी हिंदुस्थानकडे वाहायची. पण चांदीचा भाव घसरत चालला तसा रुपया पौंडापुढे घसरत गेला आणि विलायतेला पौंडात पैसे भरणारं इंग्रज सरकार हैराण झालं. २६ जून १८९३ ला त्यांनी टाकसाळी लोकांच्या चांदीला बंद केल्या. ती तार पश्चिमेकडे पोचली आणि चार-पाच दिवसांत चांदीचा भाव कोसळला. आठवड्याच्या आत कोलोरॅडोच्या खाणमालकांनी खाणी आणि भट्ट्या बंद करायचं ठरवलं. उरलीसुरली आशा त्याच वर्षी नोव्हेंबरात गेली, अमेरिकन सरकारनंही चांदीची खरेदी थांबवली तेव्हा. हजारो लोक गाशा गुंडाळून या घाटातून खाली उतरले.

बाबा बराच वेळ त्या सांगाड्याकडे बघत होते. मग आई म्हणाली, "म्हणजे तुझ्या देवघरातला राणीछाप तेव्हाचा?"

लग्नात आजीनं, म्हणजे बाबांच्या आईनं, मला व्हिक्टोरिया राणीचा एक रुपया दिला होता. दर दिवाळीत लक्ष्मीपूजनाला तो असतो. साल मला आठवत नव्हतं. डेन्व्हरला गेल्यावर बघू म्हटलं.

आता तो टप्पा, ज्याच्यामुळे या रस्त्याला मिलियन डॉलर हायवे म्हणतात. नावाच्या गोष्टी पुष्कळ आहेत. कुणी म्हणतं रस्ता बांधायला मैलाला दहा लाख लागले, कुणी म्हणतं भरावाच्या खडीतच सोनं होतं. मूळ वाट ऑटो मिअर्स नावाच्या माणसानं १८८० च्या दशकात खोदली. आज लाटव्हियात असलेल्या भागातला हा पोरका ज्यू मुलगा, लहानपणीच एकटा अमेरिकेला आला आणि या डोंगरांत टोलचे रस्ते आणि रुळ टाकत फिरला. अनकंपाग्रे नदीच्या घळीत सरळसोट कड्याला दोरानं माणसं लोंबकळत सोडून सुरुंग लावले. टोलनाका त्यानं बेअर क्रीक धबधब्याच्या पुलावर बसवला, कारण तिथून नाक्याला वळसा घालणं कुणालाच शक्य नव्हतं. घोड्यांच्या जोडीसह गाडीला पाच डॉलर. खाणीतल्या माणसाची मजुरी तेव्हा दिवसाला साधारण तीन डॉलर. आजचा रस्ता त्याच वाटेवरून १९२४ मध्ये मोटारींसाठी पुरा झाला.

कठडा का नाही? हिवाळ्यात इथे हिमाचे कडे कोसळतात, नांगर लावलेले ट्रक तो बर्फ ढकलत दरीत लोटतात. कठडा असला तर लोटायचा कुठे? वाटेत रस्त्यावर एक काँक्रीटचं छत लागतं, वरून घसरणारा बर्फ त्याच्यावरून दरीत जावा म्हणून. शेजारी त्या नांगरट्रकांच्या तीन चालकांचं स्मारक आहे. रस्ता मोकळा करताना वेगवेगळ्या वर्षी हिमाखाली गेलेले. नवऱ्यानं वेग पंधरा मैलांवर आणला. आम्ही डोंगराच्या अंगाला होतो तरी समोरून येणारी गाडी दरीच्या काठावरून जाताना बघून पोटात गोळा यायचा. आईचं रामरक्षा पुटपुटणं चालू होतं. स्मारकापाशी ती थांबली, आणि मग पुन्हा पहिल्या श्लोकापासून सुरू केली. ती त्यांच्यासाठी होती, असं तिनंच नंतर सांगितलं.

युरेला उतरलो तसं बाबांचं डोकं थांबलं. गावात गरम पाण्याचे झरे आहेत, त्यांचा मोठा तलाव बांधलाय. पाण्याला गंधकाचा वास नाही. आई पाय सोडून बसली आणि राजापूरच्या गरम झऱ्याची आठवण काढत राहिली.

दिवस तिसरा : युरे ते टेल्युराइड

युरे हे नाव यूट लोकांच्या प्रमुखाचं. हे सगळे डोंगर यूटांचे होते. १८७३ च्या करारानं खाणींचा प्रदेश त्यांच्याकडून काढून घेतला. युरेनं आयुष्यभर समझोत्याची वाट धरली, तो १८८० मध्ये वारला आणि पुढच्याच वर्षी त्याच्या माणसांना सैन्याच्या पहाऱ्यात युटाकडे हाकललं. गावाला मात्र नाव त्याचं. मला हे विसरून तिथली दृश्यं बघता आली नाहीत आणि लेकालाही मी ते सांगितलं.

खाणकामगारांच्या १८८७ च्या जुन्या इस्पितळात गावाचं संग्रहालय आहे. तिथे दोन तास गेले. चांदी कोसळल्यावर हे गाव टिकलं ते टॉमस वॉल्श या आयरिश माणसामुळे. १८९६ मध्ये तो वरच्या खोऱ्यातल्या सोडून दिलेल्या चांदीच्या खाणींचे दगड तपासत होता. चांदी शोधणाऱ्यांनी ज्या गारगोटीला टाकाऊ ठरवलं, तिच्यात सोनं होतं. गवगवा न करता त्यानं आजूबाजूचे खाणीचे हक्क विकत घेतले. डबा पळवणाऱ्या पक्ष्यांच्या नावावरून खाणीला कॅम्प बर्ड म्हणाला. कामगारांना विजेचे दिवे, नळाचं पाणी, वाचायला मासिकं देणारा मालक म्हणून त्याचं नाव अजून काढतात. १९०२ मध्ये खाण विकली, ५२ लाख डॉलरना.

आणि आता ऐका. त्याच्या मुलीनं, एव्हलिननं, १९११ मध्ये नवऱ्यासोबत एक निळा हिरा घेतला, होप डायमंड. आज तो वॉशिंग्टनच्या स्मिथसोनियन संग्रहालयात आहे. हा हिरा बहुधा मूळचा कृष्णाकाठचा. गोवळकोंड्याच्या राज्यातल्या कोल्लूरच्या खाणीतून निघून सतराव्या शतकात फ्रान्सला गेलेला. सांगलीच्या घाटावरून वाहणारी नदीच खाली कोल्लूरला जाते. बाबांनी संग्रहालयाच्या बाकावर बसून हे नीट समजून घेतलं, दोनदा विचारून. कृष्णेचं नाव इथे निघेल असं त्यांना वाटलं नव्हतं. मलाही नव्हतं.

पुढचा रस्ता सोपा. रिजवेहून डॅलस डिव्हाइड ओलांडताना माउंट स्नेफल्सच्या पायथ्याशी अ‍ॅस्पेनची रानं. फोटोत तो पिवळा येत नाही. शेवंतीचा पिवळा आणि झेंडूचा केशरी मिसळून मागे दिवा लावावा तसं काहीतरी.

टेल्युराइड आता श्रीमंतांचं गाव, कॉफीसुद्धा महाग. पण डोंगरावरच्या माउंटन व्हिलेजला नेणारा तारेवरचा पाळणा फुकट आहे, तेरा मिनिटांचा. आम्ही संध्याकाळी दोनदा बसलो. दरीच्या टोकाला ३६५ फुटांचा ब्रायडल व्हेल धबधबा आणि त्याच्या डोक्यावर कड्याच्या काठाशी १९०७ चं वीजघर. याच गावात आठ तासांच्या दिवसासाठी कामगारांनी संप केले आणि १९०४ मध्ये संघटनेच्या लोकांना रातोरात गाडीत घालून गावाबाहेर काढलं गेलं.

दिवस चौथा : एम्स, लिझर्ड हेड, डोलोरेस

हा दिवस बाबांचा. ते वीज मंडळातून निवृत्त झाले, बत्तीस वर्षं उपकेंद्रं सांभाळली. टेल्युराइडच्या दक्षिणेला मुख्य रस्ता सोडून कच्च्या वाटेनं खाली उतरलं की एम्सचं वीजघर लागतं. १८९१ च्या उन्हाळ्यात इथून तीन हजार व्होल्टची एसी, म्हणजे दिशा बदलत वाहणारी, वीज अडीच मैलांवरच्या गोल्ड किंग खाणीच्या दगड दळायच्या गिरणीला गेली. एवढ्या लांबवर उद्योगासाठी एसी वीज नेणारी जगातली ही पहिली जागा. कारण साधं होतं : वर झाडं तोडून संपली होती, खेचरांवरून कोळसा चढवणं परवडत नव्हतं, खाण बुडायला आली होती. एल. एल. नन या वकिलानं वेस्टिंगहाउस या वीजयंत्रांच्या कंपनीला गळ घातली. डीसी (एकाच दिशेनं वाहणारी) की एसी हा वाद चालू असण्याचा तो काळ.

बाबा त्या छोट्याशा दगडी इमारतीसमोर टोपी काढून उभे राहिले. आत अजून वीज तयार होते. ते लेकाला म्हणाले, "अकरा वर्षांनी, १९०२ मध्ये, आपल्याकडे शिवसमुद्रमहून कोलारच्या सोन्याच्या खाणीला अशीच तारांवरून वीज नेली. नव्वद मैलांवर. आणि खोपोलीहून मुंबईला, ते त्याच्यानंतर." मग तीन फेज म्हणजे काय ते मातीत काठीनं काढून दाखवलं. माझ्या लहानपणी हेच त्यांनी मला सांगलीच्या अंगणात काढून दाखवलं होतं. अ‍ॅनिमास फोर्क्स हुकल्याची हळहळ या तासानं पुरती भरून निघाली.

लिझर्ड हेडची खिंड (१०,२२२ फूट) सौम्य आहे, रुंद माळाची. पलीकडे रिको, मग डोलोरेस. तिथे गॅलपिंग गूस क्रमांक पाच उभी आहे. मिअर्सच्या रेल्वेला वाफेचं इंजिन परवडेना तेव्हा मोटारीचं इंजिन आणि बसचं तोंड रुळांवर चढवून केलेली गाडी. मुक्काम कॉर्टेझ.

दिवस पाचवा : मेसा व्हर्डे, पुन्हा दुरँगो

मेसा व्हर्डेची, इथल्या प्राचीन लोकांची कड्यातली घरं हा वेगळ्या लेखाचा विषय. आम्ही त्यातला क्लिफ पॅलेस वरच्या कठड्यावरूनच पाहिला. शिड्या चढायचा हट्ट कुणी केला नाही.

संध्याकाळी दुरँगोला अ‍ॅनिमासच्या काठी बसलो. पाणी निवळशंख. ५ ऑगस्ट २०१५ ला हीच नदी नारिंगी झाली होती. सिल्व्हर्टनच्या वर गोल्ड किंग नावाच्याच दुसऱ्या एका बंद खाणीचं तोंड मोकळं करताना आत तुंबलेलं तीस लाख गॅलन पाणी फुटून बाहेर आलं. खाण १९२० च्या दशकातच बंद पडलेली. पण डोंगर पोखरला की आतल्या गंधकाच्या खनिजांना हवापाणी मिळतं, आम्ल तयार होतं, ते धातू विरघळवत राहतं. माणसं गेली तरी ते थांबत नाही. खाली नावाहो लोकांच्या शेतांचं पाणी तोडावं लागलं. लेकानं खिशातली कुपी काढून त्या तीन ठिपक्यांकडे बघितलं. "एवढ्यासाठी?" त्यानं विचारलं. मी उत्तर शोधत होते, पण बाबाच म्हणाले, "हो. एवढ्यासाठीच, बाळा."

सहाव्या दिवशी आल्या वाटेनं घर.

डेन्व्हरला पोचल्यावर आईनं पाय धुतले, दिवा लावला आणि देवघरातला रुपया काढून उजेडात धरला. साल १८९०, टाकसाळी उघड्या असतानाचा. बाबांना वजन बघायचं होतं. पुरा रुपया म्हणजे एक तोळा, ११.६६ ग्रॅम. नवऱ्यानं कॉफी मोजायचा काटा आणला. आकडा ११.३ वर थांबला.

"घट आली," बाबा म्हणाले.

"येणारच," आई म्हणाली. "सासूबाई दर दिवाळीला रांगोळीनं घासायच्या."